अख्तरीची बांगड्यांची पेटी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, पण मोडकी म्हणू नका. मी बांगड्यांची पेटी आहे. औरंगाबादच्या फकिरा सुताराने मला सागवानात घडवले, आत लाल कापड लावले आणि वर पितळी कडी ठोकली. त्या कडीचा मला आजही तोरा आहे.

सिल्लोडकडच्या एका खेड्यातल्या मोहियोद्दीन मणियाराने मला विकत घेतले. त्याची बायको अख्तरी मला डोक्यावर घेऊन घरोघर बांगड्या भरायला जाई. मला उघडले की बायकांची झुंबड उडे. एकीला हिरव्या हव्यात, दुसरीला राजवर्खी. अख्तरी हात असा हलके दाबून मऊ करी की लहान मुलीही रडत नसत. गावात लग्न असले की नवरीचा चुडा तिनेच भरायचा, असा रिवाज होता. कौतुक तिचे होई आणि फुगून मी बसे.

मग ते वाईट वर्ष आले. उन्हाळ्यात रझाकारांनी गावातल्या रामकिसनला मारले. भाद्रपदात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य गेले, आणि सूड घ्यायला निघालेल्या जमावाने मोहियोद्दीनला मारले. तो रझाकार नव्हता. त्याने उभ्या आयुष्यात काचेशिवाय काही हाताळले नव्हते. अख्तरी मला उचलून शहरात आली, नणंद जोहराकडे. तिथे मी खाटेखाली धूळ खात पडले. मला फार वाईट वाटे.

पुढच्या वर्षी एका गाडीवानाने बातमी आणली की रामकिसनच्या मुलीचे, आवडाचे, लग्न ठरले आहे. अख्तरीने मला बाहेर ओढले, पुसले आणि हिरव्या बांगड्यांनी भरले.

“पागल हुई क्या?” जोहरा म्हणाली. “कौन हाथ देगा तेरे कू उधर?”

“अब नै गई, तो फिर कब्बी नै जाने की,” अख्तरी म्हणाली. “मेरा गाँव है वो.”

आम्ही सर्व्हिस मोटारीने निघालो. फुलंब्रीच्या पुढे रस्त्याकडेला जळकी घरे दिसत होती. काही हिंदूंची, काही मुसलमानांची. एका घरावर माणसे नवे छप्पर चढवत होती. मोटारीत एका म्हाताऱ्याने मला पायाशी जागा करून दिली.

गावात शिरलो तसे लोक वळून पाहू लागले. हाक मात्र कोणी मारली नाही. अख्तरी सरळ रामकिसनच्या घरी गेली आणि तिने मला उंबऱ्यावर ठेवले. रामकिसनची बायको सरूबाई बाहेर आली.

“उचल ती पेटी. माझ्या घरधन्याला कुनी मारलं, ठावं हाय ना?”

“ठावं हाय,” अख्तरी म्हणाली. “माझ्या घरधन्याला कुनी मारलं, ते तुलाबी ठावं हाय, सरूबाई.”

दोघींचीही मनगटे रिकामी होती. मी मात्र बांगड्यांनी गच्च भरलेली. मला स्वतःचीच लाज वाटली.

“सिल्लोडचा मणियार येनार हाय उद्या. तू जा.”

“त्यो येऊ दे. आवडाच्या हातात पयली बांगडी म्या घातलीय. चुडाबी मीच भरनार. तवर बसते हितंच.”

आणि ती खरेच उंबऱ्यावर बसली. ऊन चढले. कोणी पाणीही विचारले नाही. घरातल्या बायका तिला ओलांडून आतबाहेर करत राहिल्या. तिने एकदाही मान खाली घातली नाही. अखेर सरूबाई पुन्हा दारात आली.

“उंबऱ्यावर चुडा भरत नाय,” ती म्हणाली. “आत ये.”

अख्तरी उठली.

“पन माझा राग गेला नाय, सांगून ठेवते.”

“माझाबी नाय गेला,” अख्तरी म्हणाली, आणि मला घेऊन आत शिरली.

सरूबाईने स्वतः पाट मांडला. आवडाने हात पुढे केला. एकही बांगडी न फुटता चुडा भरला गेला. रिवाजाप्रमाणे आवडा अख्तरीच्या पाया पडली आणि इतके महिने कोरडी राहिलेली अख्तरी मोठ्याने रडली. सरूबाईही रडली. मग डोळे पुसून तिने दाराबाहेर घुटमळणाऱ्या शेजारणींना हटकले, “बघता काय? हात धुऊन या, बांगड्या भरून घ्या.”

अख्तरीने त्याच गावात पुन्हा घर बांधले. आता ती नाही. तिचा नातू शहरात दुकान चालवतो आणि मी त्याच्या माळ्यावर असते.

मित्रांनो, माझी कडी कधीतरी घासा, एवढे मागणे आहेच. पण मोठे मागणे वेगळे आहे. दूर गेलेले माणूस परत तुमच्या दारात आले, तर त्याला उंबऱ्यावर बसवून ठेवू नका. भांडायचे असेल तर खुशाल भांडा, पण आधी आत बोलवा.