भिंतीवरचा बाप

"अरे, बापाला सरळ करा रे कोणीतरी!" जयकुमारशेठ कॅमेऱ्यामागून ओरडले.

बापाला सरळ करायला सीतारामच शिडीवर चढला, कारण बाप तोच होता. हार घातलेली तसबीर त्याची आणि तिच्यावर पडणारा उजेडही त्याच्याच दिव्याचा. 'रश्मी चित्र'मध्ये तो लाईटमन होता. वरसाव्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये शेठ गरिबांचे सिनेमे काढत, आणि गरीब राहूनच काढत. पहिल्या सिनेमात नायकाच्या मेलेल्या बापाचा फोटो हवा होता. शेठनी समोर दिसला त्याचा काढला. एकदा फोटो तयार झाल्यावर पुढच्या प्रत्येक सिनेमात नायक पोरकाच निघाला. सीतारामला त्याचं काही वाटत नसे. फुकटात हार मिळतो, म्हणायचा.

मग एका भीमजयंतीला परभणीकडच्या त्याच्या गावात लोकांनी भाड्यानं व्हिडिओ आणला. कॅसेट नेमकी शेठच्या सिनेमाची निघाली. नायक तसबिरीपुढे हात जोडून रडू लागला आणि गर्दीतून सीतारामच्या आईनं, कमळाबाईनं, हंबरडा फोडला. चुलतभाऊ गुणवंत तिला घेऊन थेट भाईंदरला आला. तिथल्या मोरवा गावातल्या त्याच्या खोलीच्या दारात तिनं दोन्ही हातांनी लेकाचं तोंड चाचपलं.

"माय, सिनेमा हाय तो. खोटं असतंय समदं."

"खोटं हाय, तर समद्या गावाच्या डोळ्यांतून पाणी का आलं?" ती म्हणाली. "मला एकदा तू जित्ता दाव त्यात. मरायच्या आधी पाहू दे."

सीतारामनं हे शेठना सांगितलं. शेठ हसले नाहीत. "नेक्स्ट पिच्चरमधी तुला दूधवाला बनवतो. डायलॉग पण देतो."

माणूस शब्दाचा पक्का होता, पण दिवसच फिरले. घरोघरी केबल आली, थिएटरवाले छोट्या सिनेमाला दारात उभं करेनात. दूधवाल्याचा सिनेमा आज-उद्या करता करता राहिला. कमळाबाई गावाहून अधूनमधून यायची आणि तेच विचारायची. अखेर चौऱ्याण्णव साली शेडची जागा बिल्डरच्या घशात गेली.

"शेठ, माय आलीय," सीताराम म्हणाला. "या टायमाला लय थकलीय. शूटिंग कधी विचारतेय."

शेठनी रिळाचा रिकामा डबा उघडून दाखवला. "रीळ नाय रे माझ्याकडे. एक फूटपण नाय." मग म्हणाले, "पण कॅमेरा अजून हाय. उद्या घेऊन ये आईला."

शेड अजून उभी होती. दुसऱ्या दिवशी तिथं कमळाबाई शेठच्या खुर्चीत पदर सावरून बसली. सीतारामनं दिवे लावले, टोपी घातली आणि दुधाची बरणी उचलली. शेठ कॅमेऱ्याला डोळा लावून ओरडले, "ॲक्शन!"

"बाई, दूध आलं," सीताराम म्हणाला. एवढंच म्हणायचं होतं.

"पुन्हा कर की रं," कमळाबाई म्हणाली. "हळू चाल. मला पाहू दे."

सीतारामनं शेठकडे पाहिलं. रीळ महाग म्हणून दुसरा टेक मागणाऱ्या नायकालाही हा माणूस उभाआडवा घ्यायचा.

"करू ना, मांजी," शेठ म्हणाले. "तुम्ही सांगाल तितक्या वेळा."

दुपारभर सीताराम दूध आणत राहिला. बरणीत दूध नव्हतं आणि कॅमेऱ्यात रीळ. कमळाबाई लहान पोरीसारखी हसत होती.

"कव्हा दिसंल?" निघताना तिनं विचारलं.

"जयंतीला," तो म्हणाला.

जयंतीच्या आधीच कमळाबाई गेली. तोवर शेडही पाडून झाली होती. गावात माती देऊन आल्यावर माणसं विहारापुढे बसली. गुणवंतनं हळूच विषय काढला.

"काकू साऱ्या गावाला सांगून गेली. मव्हा लेक जित्ता दिसणार हाय, म्हणायची, समदे म्होरं बसा. त्या पिच्चरचं काय झालं? कव्हा येतो?"

माणसं सीतारामकडे पाहत होती.

"येणार हाय," तो म्हणाला. "थोडं काम राह्यलंय."