दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

मी मूळ संख्या नाही हे मला कळलं, त्या दिवशी वत्सलाबाईंना जाऊन तेवीस दिवस झाले होते. अजून माझा विश्वास बसत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. १०,२२,११७. नाशिकला सातपूरच्या एका घरातल्या वीजमीटरवर मी छापलेली आहे. वत्सलाबाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर एकदा वीज गेली म्हणून त्या मीटर बघायला आल्या आणि मला बघून थांबल्या. दोनने जात नाही, तीनने नाही, सातनेही नाही.

त्यांनी वही काढली. हजारपर्यंतच्या मूळ संख्यांचा शाळेतला तक्ता आत चिकटवला आणि रोज एका संख्येने मला भागू लागल्या. रोज बाकी उरायची. त्यांचे पती हिरामण समोर चहा घेत बसायचे. ते सातवी शिकलेले, ओझरच्या कारखान्यात लेथवर होते.

"अहो, लेथवर केसाएवढा फरक ओळखायचात आणि एक भागाकार होत नाही?"

"उद्या करतो," ते म्हणायचे.

शेवटचा, एकशे अडुसष्टावा भागाकार ९९७ ने झाला. बाकी १९२. तक्ता संपला. बाईंनी खाली लिहिलं, ही मूळ संख्या आहे. शाळेत जाऊन सांगितलं तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला कोणी तोडू शकत नाही, असं मला वाटू लागलं.

मग एका सकाळी बाई चहा ठेवताना पडल्या आणि उठल्याच नाहीत. शाळेने ठरवलं, वर्गाच्या भिंतीवर मला रंगवायचं आणि खाली बाईंचं नाव लिहायचं.

हिरामणांना त्यांचा राहिलेला भागाकार आठवला. बाईंची विद्यार्थिनी निकिता शेजारीच राहते. ९९७ नंतर कुठली, असं त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, १००९.

ते पेन्सिल घेऊन बसले. शेवटी ३०२७ उरले. तीन वेळा १००९ म्हणजे ३०२७. बाकी शून्य.

त्यांना वाटलं, आपलं चुकलं. तीनदा केलं. निकिताने मोबाइलवर १००९ गुणिले १०१३ केलं, तर मीच आले. "शाळेला कळवावं लागेल," हिरामण म्हणाले.

"काका, राहू द्या ना," निकिता म्हणाली. "भिंतीवर कोण भागून बघणारे?"

"तिने बघितलं असतं."

मित्रांनो, तक्ता हजारला संपला, संख्या संपल्या नव्हत्या. १००९ ला १००९ ने गुणलं तरी माझ्यापेक्षा कमी भरतं, म्हणून तो एक भागाकार करायलाच हवा होता. तुम्ही मोजाल तेव्हा तक्त्याच्या पुढचंही बघा. आणि कोणी एक भागाकार करा म्हटलं, तर त्याच दिवशी करा.

रंगारी धोंडीराम सोमवारी येणार आहे. शाळेला अजून कळवायचं आहे. वहीत एकशे एकोणसत्तरावा भागाकार उतरवायचा आहे.