छतातला कापूस

माझी खोली नातीला द्यायची आणि मला तळघरात हलवायचं, हे घरात माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. मला सांगताना मुलाने 'तळघर' हा शब्द टाळला. "खाली तुमच्यासाठी मस्त जागा करतो, बाबा," म्हणाला. "तुमचे गुडघे दुखतात. वरच्या मजल्याचा जिना चढायला नको."

"आणि खालून वर यायला लिफ्ट बसवतोयस का?"

सूनबाई हसली, मुलगा नाही हसला. कामाचं बोलणं चाललेलं असताना त्याला चेष्टा खपत नाही. त्याची आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून तिचा विषय घरात निघत नाही. मला वाईट वाटेल म्हणून ते काढत नाहीत आणि त्यांना वाईट वाटेल म्हणून मी काढत नाही. सगळे एकमेकांना जपतात आणि गप्प बसतात.

तळघरात तोवर होतं काय, तर मोडका पंखा, रंगाचे वाळलेले डबे, भिंगरीची जुनी तीनचाकी आणि भिंतीवर छातीपर्यंत चढलेली ओल. भिंगरी म्हणजे माझी नात, वय नऊ. ती पाच मिनिटं एका जागी बसली तर ताप बघावा लागतो. एवढ्या मुलीला स्वतःची खोली हवी हे मलाही पटत होतं. पटलं म्हणून बरं वाटतं असं मात्र नाही.

मिस्त्री आला तो आधी भिंतींचा वास घेत फिरला. मग नखाने प्लास्टर खरवडून म्हणाला, "आधी ओल, मग बाकीचं. ओलीवर रंग फासणारे पुष्कळ भेटतील तुम्हाला." माणूस मला तिथेच आवडला. त्याने सगळं प्लास्टर उचकटलं, भेगा भरल्या, ओल अडवणारा थर दोनदा चढवला आणि तो सुकेपर्यंत कोणाला पुढे सरकू दिलं नाही. मग फरशी, वायरिंग, कोपऱ्यात बाथरूम. छताला लागून एक बुटकी खिडकी होती, ती मोठी केली. मी रोज स्टूल टाकून बसायचो. जन्म बस डेपोत मेकॅनिक म्हणून गेला, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय मला अन्न पचत नाही. गाडी फाटकातून आत शिरताना नुसत्या आवाजावरून मी तिचं दुखणं सांगायचो. डेपोत त्याची पैज लागायची.

शेवटी छत राहिलं. डोक्यावर तळमजल्याची जमीन, ती लाकडी फळ्यांची, खाली तुळया. तुळयांच्या मधे भरायला काचेच्या कापसाच्या मोठ्या गुंडाळ्या आल्या.

"हा कशाला?" मी विचारलं.

"आवाजासाठी. साहेबांनी मुद्दाम सांगितलंय. वर कोणी नाचलं तरी तुम्हाला खाली कळणार नाही. शांत झोपाल."

वर माणसं राहतात हे मला कळणारच नसेल, तर मी त्या घरात राहतो असं कशावरून म्हणायचं? मुलगा ऑफिसात होता.

"नका भरू," मी म्हटलं.

"काका, मग सगळा आवाज येईल."

"म्हणूनच नका भरू."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मग त्या गुंडाळ्यांकडे. "बाहेरच्या भिंतीत घालतो," तो म्हणाला. "खोलीला ऊब राहील. पण साहेबांनी विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं." संध्याकाळपर्यंत त्याने छत बंद करून टाकलं.

खोली झाली मात्र झकास. पिवळसर रंग, गुबगुबीत खुर्ची, डोक्याशी दिवा. पहिला आठवडा मी नुसता कान वर लावून पडलो होतो. सूनबाईची लगबग, मुलाची टाच घासत चालायची खोड, आणि भिंगरी तर फळ्या फोडून खाली येते की काय असं वाटायचं. कोण स्वयंपाकघरात, कोण दारात, सगळं मला पडल्यापडल्या कळत होतं.

संध्याकाळी सात वाजता मी बायकोशी बोलायचो. डेपोतून सातला घरी यायचो तेव्हा चहा घेताना दिवसभराचं तिला सांगायची सवय होती. वरच्या खोलीत ते मोठ्याने जमत नव्हतं, भिंतीपलीकडे माणसं. इथे कोण ऐकणार? त्यामुळे मी अगदी तोंड भरून बोलायचो. ती काय म्हणाली असती तेही मीच म्हणायचो, तिच्या त्या नाकातल्या ठसक्यात.

दुसऱ्या आठवड्यापासून मात्र सात वाजले की वर सगळं चिडीचूप व्हायला लागलं. टीव्ही नाही, पावलं नाहीत. रोज हेच. म्हटलं, मला न सांगता बाहेर जात असणार. म्हाताऱ्याला बरोबर घेतलं की ताटकळत बसावं लागतं. चौथ्या दिवशी मला राहवेना.

"गेले बघ सगळे भटकायला," मी तिला म्हणालो. "खोली केलीय राजासारखी, पण मला इथे करमत नाही गं. अजिबात करमत नाही."

वर खुर्ची सरकली. टाच घासत पावलं जिन्यावरून खाली आली आणि मुलगा दारात उभा राहिला.

"आम्ही कुठे जात नाही, बाबा."

"तुला कोणी सांगितलं मी असं म्हणतो म्हणून?"

"तुम्हीच. आत्ता."

जन्मभर कानावर पोट भरलेला माणूस मी. आवाज खाली येतो तसा वरही जातो, एवढं माझ्या डोक्यात येऊ नये?

"छतात कापूस नाहीये ना?" त्याने विचारलं. मी नाही म्हणालो.

"आधी वाटलं फोनवर आहात. मग भिंगरी म्हणाली, आजीशी बोलतायत. तेव्हापासून सातला टीव्ही बंद करतो. ती जमिनीला कान लावून झोपते. मीही तिथेच बसतो." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "तुम्ही मधेच आईसारखं बोलता ना, तेवढ्यासाठी. मला तिचा आवाज आठवेनासा झाला होता."

मला आधी लाजच वाटली. काय काय बोललो असेन. "सूनबाईच्या चहाबद्दल पण..."

"ऐकलं तिने. साखर वाढवलीय."

"बस," मी म्हटलं. तो पलंगाच्या कडेला बसला. मी बोलेन म्हणून वाट बघत राहिला. मी खूप प्रयत्न केला, पण त्याच्यासमोर तोंडातून शब्द फुटेना. तिच्याशीही नाही आणि त्याच्याशीही नाही. पाचेक मिनिटांनी तो उठला.

"मी वर जातो. तुम्ही बोला."

पावलं जिना चढली, डोक्यावर आली, थांबली. फळी करकरली. मी घसा साफ केला.

"अगं," मी नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणालो, "आज मुलगा खाली येऊन बसला होता. उद्याही ये म्हणावं त्याला. मला नाही जमलं सांगायला. तू सांग."