सूचीतला पाहुणा

प्रगतीने संदर्भसूचीतून शेंडे सरांचं नाव पुन्हा खोडलं आणि लॅपटॉप ओटीवर ठेवला.

चुलतभावाच्या लग्नात तिने पोशीआत्याची गाणी फोनवर टिपली होती. लग्नाला आलेल्या सरांनी ती ऐकायला म्हणून मागून घेतली आणि स्वतःच्या नावाने छापली. आत्या त्यात ‘एक स्थानिक स्त्री’ झाली, प्रगतीचा तर पत्ताच नव्हता. तेव्हापासून ती धुमसत होती. सरांचा लेख तिने रागाने उघडलाही नव्हता. आता स्वतःच्या निबंधात त्यांना जागा द्यायची नाही, एवढी तरी जिरवायची होती.

पण संपादकबाईंनी फोनवर बजावलं होतं, आधीचा लेख वगळलास तर चोर तूच ठरशील.

पान क्रमांकासाठी तिने नाइलाजाने सरांचा लेख उघडला. चाळता चाळता थांबली.

अंगणात आत्या नागली पाखडत होती.

“आत्या, ऐक. ‘आला गं पाहुणा, रिकामी झोळी, कोंबडा खाल्ला, गाणी गिळी.’ सर लिहितात, हे पूर्वजदेवाला बोलावण्याचं प्राचीन गाणं आहे.”

आत्याचं सूप थांबलं.

“कोण देव? तो?” तिने पदर तोंडाला लावला. “अगं, मागून मागून वाढून घेत व्हता, म्हणून त्यालाच लावून गायलो. पाहुण्याला गाण्यात घेतल्याबिगर लगीन व्हतं का? आणि तो समोर बसून मान डोलवीत व्हता!”

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग प्रगतीने लॅपटॉप ओढला. ते गाणं कोणत्या लग्नात, कोणत्या पाहुण्यावर रचलं, हे तिने निबंधात सरळ लिहिलं. सूचीत आत्याचं नाव, ‘भोये, पोशी, दाभोसा’, आधीच होतं. अकारविल्हे शेंडे तिच्या खाली आले. त्यांच्या नावातलं एकेक अक्षर तिने चवीने टाइप केलं.

“काढलंस त्याचं नाव?”

“नाही, घातलं. पानाच्या आकड्यासकट. ज्याला बघायचंय तो उघडून बघेल.”

आत्याने सूप बाजूला ठेवलं.

“मंग पुढलं पण घाल. तो जेवून उठला तवा गायलेलं. ते तुझ्या फोनात नाय.”

प्रगतीने फोन सुरू करून तिच्यापुढे धरला.