मालकालाही न उघडणारं कुलूप

अठ्ठ्याहत्तर साली सोलापुरातल्या एका मिलमध्ये कॉम्प्युटर आला आणि तो चालवणाऱ्या पंचाक्षरीला आभाळ ठेंगणं झालं. मशीनमधल्या फाइलींना कुलपं घालायचं काम मॅनेजरनं त्याच्यावर सोपवलं. पठ्ठ्यानं ऑपरेटिंग सिस्टिममध्येच नियम बसवला. प्रत्येक माणसाला एक पायरी, प्रत्येक फाइलला एक पायरी. वरच्या पायरीचं खालच्याला दिसायचं नाही. ज्यानं फाइल लिहिली त्यालासुद्धा ती दुसऱ्याला दाखवता यायची नाही. पायऱ्या ठरवणार एकटा मॅनेजर.

"तुला तरी उघडता येईल ना?" मॅनेजरनं विचारलं.

"मलाही नाही, साहेब," पंचाक्षरी छाती फुगवून म्हणाला. घ्या! स्वतःच्या हातानं स्वतःला बाहेर ठेवलं आणि वर त्याचीच फुशारकी.

सकाळी नियम लागू झाला. परीक्षा म्हणून त्यानं एकेक फाइल मागितली. सुताची आली, कोळशाची आली. बॉयलरची मागितली तर मशीननं खडखडत कागदावर नकार छापला. कुलूप बसलं म्हणून तो खूश झाला.

मग त्याच्या ध्यानात आलं. कालपर्यंत ही फाइल कुणीही बघायचं. काल संध्याकाळी बॉयलरची तपासणी झाली आणि रातोरात तिला सगळ्यात वरची पायरी मिळाली. चांगल्या बातमीला कोण मेला कुलूप घालतो?

तो मॅनेजरकडे गेला. "साहेब, बॉयलरच्या तपासणीत..."

"तुला दिसत नाही ना? मग विचारू नकोस," मॅनेजर मान वर न करता म्हणाला. "सकाळची पाळी वेळेवर सुरू झाली पाहिजे."

पंचाक्षरी बॉयलरकडे धावला. तिथं भट्टी सांभाळणारा हुसेनसाब होता. पंचाक्षरीचा बाप गेल्यावर त्याला शाळेत घातलं ते यानंच. भट्टी रसरसून पेटली होती.

"चाचा, विझवा ती."

"का रं? काय निगालं तपासणीत?"

"मला दिसत नाही. लपवलंय, म्हणूनच सांगतोय."

हुसेनसाबनं कपाळावरचा घाम पुसला. "सकाळी हापिसात इचारलं की मी. म्हनले, फाइल पंचाक्षरीनं बंद केलीया. म्हटलं, पोरगं आपलं हाय, धोका असता तर पयलं मलाच सांगितलं असतं. म्हनून तर पेटवली."

 पंचाक्षरीनं लांब दांड्याचं फावडं उचललं आणि भट्टीतला पेटता कोळसा बाहेर ओढायला लागला. हुसेनसाबनंही दुसरं फावडं घेतलं.

तेवढ्यात भोंगा झाला. त्याला वाफ याच बॉयलरची लागायची; म्हणजे आत दाब चढलेलाच होता. फाटकातून माणसं आत यायला लागली होती.