राव आणि बाई यांचे कप्पे

अंजना घस्ते एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, संख्याशास्त्राला. १९८२ साल. त्या वर्षी संगणकाचा एक विषय नव्याने लागला होता आणि तो शिकवणारे देशिंगकर सर प्रत्येकाला एकेक संशोधनपर निबंध वाचायला देत. दिल्लीहून टपालाने मागवलेल्या फिकट झेरॉक्स प्रती असत त्या. "नुसता सारांश आणू नका," सर सांगत. "लेखक काय म्हणतोय आणि त्याने दाखवलंय काय, या दोन गोष्टी वेगळ्या करून आणा."

अंजनाच्या वाट्याला आलेला निबंध एका इंग्रज लेखकाचा होता. हजारो नावांमधून हवं ते नाव झटक्यात कसं शोधायचं, याची त्यात युक्ती होती. नावाचं पहिलं अक्षर आणि शेवटची दोन अक्षरं घ्यायची, त्यांचा एक आकडा करायचा आणि त्या आकड्याच्या कप्प्यात नाव टाकायचं. शोधताना पुन्हा तोच आकडा काढायचा आणि थेट त्या कप्प्यात बघायचं. तीनशे नावांना तीनशे कप्पे असले, तर सरासरी दीड वेळा बघून नाव सापडतं, असा लेखकाचा दावा होता.

सरांना हा निबंध फार आवडायचा. एका धर्मादाय दवाखान्यातल्या रुग्णांची यादी विद्यापीठाच्या संगणकावर घालायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं आणि ते याच युक्तीने करायचं ठरवलं होतं.

अंजना राजारामपुरीत आत्तीकडे राहायची. वडील दादासो शिरोळकडे पाटबंधारे खात्यात पाणी सोडायच्या कामावर होते. आत्ती म्हणजे वडिलांची बहीण, मीनाबाई. ती त्याच गल्लीतल्या डॉक्टरांकडे केसपेपर काढून द्यायची.

पहिल्या वाचनात अंजनाला निबंध पटला. दुसऱ्या वाचनातही. तिसऱ्या वेळी तिने तक्त्याखालची बारीक टाईपातली ओळ वाचली. अक्षरं पुसट होती, म्हणून तिने कागद खिडकीशी धरला. प्रयोगासाठीची नावं लेखकाच्या शहराच्या टेलिफोन डिरेक्टरीतून घेतली होती, एवढंच तिथे लिहिलं होतं. शेवटी मात्र लेखक म्हणत होता की, ही रीत कुठल्याही नावांना चालेल.

"कुठल्याही म्हंजे आपल्याबी?" भाकरी थापता थापता आत्तीने विचारलं. अंजना तिला सगळं सांगत असे, तिला कळो न कळो.

"तेच बघायचंय. आत्ती, तुझ्याकडची नावं मिळतील? नुसती नावं. आजार नको, पत्ता नको."

"डाक्टरास्नी इच्यारतो. नावं देतील की."

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. आत्तीने चार दुपारी बसून तीनशे नावं उतरवून आणली. अंजनाने ती इंग्रजी अक्षरांत लिहिली, कारण संगणकाला तेवढीच येत होती. मग आलेखाच्या कागदावर तीनशे चौकोन आखले, प्रत्येकाला आकडा दिला आणि एकेक नाव त्याच्या त्याच्या चौकोनात लिहायला बसली.

पन्नास नावं झाली आणि तिची पेन्सिल थबकली. शालूबाई, सोनाबाई, सखूबाई, सुंदराबाई सगळ्या एकाच चौकोनात दाटल्या होत्या. इंग्रजीत पहिलं अक्षर तेच, शेवट तोच. गणपतराव आणि गोविंदराव एकात. धोंडूबाई, दगडूबाई, द्वारकाबाई एकात. तीनशे नावं संपली तेव्हा अडीचशेच्या वर चौकोन कोरे होते आणि एकात एकवीस नावं होती. शेवटी तिने बारीक चिठ्ठी चिकटवून तो चौकोन वाढवला. एका चौकोनातली नावं एकेक करून बघायची, असं धरून सरासरी काढली. दीड नव्हे, साडेसहा.

आपलंच चुकलं असेल म्हणून तिने सगळं पुन्हा केलं. उत्तर तेच आलं. तिला आनंद झाला आणि लगेच, सरांना हा निबंध किती आवडतो, तेही आठवलं.

वर्गात तिने निबंध आधी नीट समजावून सांगितला, लेखकाचं जे चांगलं होतं ते सांगितलं, मग आलेखाचा कागद फळ्याला लावला. कागद बघून मुलं हसली. हंबीरराव नावाचा मुलगा शेवटच्या बाकावरून म्हणाला, "मी कुठल्या खोलीत?"

"हणमंतराव आणि हरिभाऊराव यांच्याबरोबर," अंजना म्हणाली. "तुम्ही तिसरे."

सर हसले नाहीत. "हा निबंध नावाजलेल्या नियतकालिकात आलाय," ते म्हणाले. "जाणकारांनी तपासलेला आहे. तुमची तीनशे नावं एका गल्लीतल्या दवाखान्यातली."

"हो सर. पण आपल्याला यादी अशाच लोकांची करायची आहे."

सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि तास संपल्याचं सांगितलं.

त्यानंतर चार दिवस सर तास संपला की तडक आपल्या खोलीत जात. घरी अंजना ताटातली भाकरी अर्धीच ठेवायची. "खोटं लिवलंस काय?" आत्तीने विचारलं. "नाही," अंजना म्हणाली. "मग जेव की."

पाचव्या दिवशी सरांनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर मतदारयादी होती आणि तिच्या कागदासारखाच चौकोन आखलेला कागद, शाईच्या डागांनी भरलेला. सरांनी स्वतःच्या हाताने पाचशे नावं घातली होती.

"माझी सरासरी सात आली," ते म्हणाले. "तुमच्यापेक्षा वाईट. हा निबंध मी तीन वर्षं वाचतोय. ती तळटीप मी वाचलीच नव्हती." कागद बाजूला सारून म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला नियतकालिकाचं नाव सांगितलं. ते उत्तर नव्हतं. बसा."

मग दोघं संध्याकाळपर्यंत बसले. शेवटची अक्षरं सोडून द्यायची आणि दुसरं नि चौथं घ्यायचं, असं अंजनाने सुचवलं. सरांनी आणखी एक अक्षर मिळवलं. तीच तीनशे नावं पुन्हा घातली, तर सरासरी दोनच्या आत आली. सरांनी शिपायाकडून दोन चहा मागवले आणि दवाखान्याच्या कामाचा जुना आराखडा आडवी रेघ मारून बाजूला ठेवला.

लेखकाला पत्र लिहायचं ठरलं. मसुदा सरांनी तपासला, पण सही एकट्या अंजनाचीच हवी, असा हट्ट धरला. दोन महिन्यांनी निळं हवाईपत्र आलं. लेखकाने लिहिलं होतं की, दुसऱ्या गावाची नावं घेऊन बघावं हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. पुढच्या टिपणात तो ही मर्यादा अंजनाच्या नावानिशी नोंदवणार होता. तिची यादी त्याला हवी होती. आणि खाली एक प्रश्न होता, इतक्या बायकांच्या नावांचा शेवट एकच कसा?

"काय कळवनार?" आत्तीने विचारलं.

"की तो मान आहे. नावाला जोडलेला."

"आनि त्यानं गर्दी झाली म्हनावं," आत्ती म्हणाली आणि स्वतःशीच हसत भांडी घासायला गेली.

पुढच्या महिन्यात सरांनी अंजनाला दुसरा निबंध दिला. मोठी यादी क्रमाने लावण्याबद्दलचा. तिने तो चार वेळा वाचला, तळटिपांसकट. उदाहरणं हाताने करून पाहिली, मुद्दाम उलटसुलट आकडे घालून पाहिली. मग सरांकडे गेली.

"सर, यात मला काहीच चूक सापडत नाही. जे म्हटलंय तेवढंच दाखवलंय."

"खात्री आहे?"

"हो. फार सुंदर लिहिलाय."

"मग तसंच लिहून आणा," सर म्हणाले. "कशावरून, तेही लिहा."

ती ग्रंथालयात खिडकीजवळची जागा धरून बसली आणि लिहायला लागली. दोन पानं होतील असं वाटलं होतं, सहा झाली.