चाळीस सेकंद जास्त

गुलामीतून निसटून मोठा वक्ता झालेल्या डग्लसच्या नावाने होणाऱ्या वक्तृत्व स्पर्धेत जेसमिनचं भाषण पाच मिनिटांच्या मर्यादेपुढे चाळीस सेकंद चाललं, आणि ती बाद झाली. राज्याच्या फेरीला गावातून एकच पोर जाणार होतं.

तिचा आजोबा, वेंडेल टिल्घमन, तडक स्टेजपाशी गेला. वीस वर्षं ही स्पर्धा त्याची बायको लव्हिनिया चर्चच्या तळघरात घ्यायची. फेब्रुवारीत ती गेली. कौंटीच्या समितीने स्पर्धा शाळेच्या सभागृहात आणली, आणि सोबत घड्याळ आणलं.

"पोरगी एक शब्द जास्त बोलली नाही," तो समितीच्या कॉइलबाईंना म्हणाला. "लोक 'आमेन' म्हणत होते. ते शांत होईपर्यंत ती थांबली. लव्हिनियाने सगळ्या पोरांना हेच शिकवलंय."

"मिस्टर टिल्घमन, नियम म्हणजे..."

"नियम! डग्लसला मालकांनी तोंड उघडू दिलं नाही. त्याच्याच नावाने आमची तोंडं बंद करता?"

लोक बघू लागले तशा कॉइलबाई नरमल्या. "बरं, पुन्हा बोलू दे तिला. पण सभागृहातून चकार शब्द आला तर बाद."

वेंडेल दात-ओठ खात रांगारांगांतून फिरला. "गप्प बसा. पोरीसाठी."

"मला काय सांगतोस?" चर्चची जुनी सभासद सिस्टर ओझेला म्हणाली. "माझ्या तोंडाला सांग. साठ वर्षं ते माझंही ऐकत नाही."

जेसमिन उभी राहिली. भाषणात आईपासून तोडलेल्या लहानग्या डग्लसपर्यंत आली आणि सवयीने थांबली. कुणी खोकलंसुद्धा नाही. तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं, मग मागे. लोकांच्या हुंकारावर तिचं पुढचं वाक्य उभं असायचं. ते येईना. कॉइलबाईंची नजर घड्याळावर होती.

वेंडेलला त्यांचा राग आला, त्याहून स्वतःचा आला. ही शांतता त्यानेच रांगारांगांतून फिरून मागितली होती. लव्हिनिया असती तर केव्हाच ओरडली असती. चर्चमध्ये दोघांच्या वतीने तीच ओरडायची, तो नुसता शेजारी बसायचा.

तो उठला. "बोल, पोरी! आम्ही आहोत इथं!"

"आमेन!" सिस्टर ओझेला गरजली, आणि सगळं सभागृह तिच्यामागे.

कॉइलबाईंनी बाद झाल्याची घंटा वाजवली. जेसमिनला वाक्य सापडलं होतं. ती बोलतच राहिली. घंटा पुन्हा वाजली.

"वाजवा हवी तेवढी," वेंडेल कॉइलबाईंना म्हणाला. "राज्याच्या फेरीला दुसऱ्या कुणाला पाठवा. हिचं अजून संपलेलं नाही."